वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेनंतरचे ताट : आहार, व्रते आणि प्रकृतीचे नियोजन

वजन घटवण्यासाठी केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियेची, म्हणजेच बॅरिॲट्रिक शस्त्रक्रियेची, चर्चा बहुधा किती किलो उतरले या एका आकड्याभोवती फिरते. त्या आकड्याचे भवितव्य मात्र शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या वर्षात घराच्या स्वयंपाकघरात ठरते, कारण शल्यचिकित्सक जठराचा आकार बदलू शकतो, पण पंगतीतला आग्रह, वर्षानुवर्षांची चव आणि पंचांगातले उपास रुग्णाबरोबर जसेच्या तसे घरी परततात. नागपूरचे नितीन गडकरी यांनी २०११ मध्ये मुंबईत ही शस्त्रक्रिया करून घेतली तेव्हा वृत्तपत्रांतून तिची बरीच चर्चा झाली. पुढे ती केवळ मोठ्या शहरांची गोष्ट राहिली नाही. वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील शिरपूर जैन हे अंतरिक्ष पार्श्वनाथाचे तीर्थक्षेत्र. जैन व्रतांची शिस्त, ज्वारीची भाकरी व तुरीचे वरण यांवर पोसलेला वऱ्हाडी आहार आणि भंडाऱ्यांच्या पंगती या तिन्ही गोष्टी अशा गावात एकाच वेळी नांदतात. अशा घरातील रुग्णाने शस्त्रक्रियेनंतर आपले ताट कसे मांडावे, याचा विचार येथे केला आहे.

शरीरात नेमके काय बदलते

या शस्त्रक्रियेचे दोन प्रकार सर्वाधिक प्रचलित आहेत. पहिल्या प्रकारात, ज्याला स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी म्हणतात, जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग कापून काढला जातो आणि उरलेल्या नळीसारख्या जठरात सुरुवातीला १०० ते १५० मिलिलीटर, म्हणजे लहान वाटीभर, अन्न मावते. काढून टाकलेल्या भागातच भूक चेतवणारे घ्रेलिन हे संप्रेरक मोठ्या प्रमाणावर तयार होत असल्यामुळे पहिले काही महिने भूकही मंदावते. दुसऱ्या प्रकारात, म्हणजे गॅस्ट्रिक बायपासमध्ये, जठराच्या वरच्या टोकाशी सुमारे ३० मिलिलीटरची छोटी पिशवी तयार करून ती थेट लहान आतड्याच्या पुढील भागाला जोडतात. त्यामुळे अन्न आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला वळसा घालून पुढे जाते. लोह आणि कॅल्शियम यांचे शोषण मुख्यतः याच वगळलेल्या भागात होत असल्याने त्यांची उणीव पुढे सहज निर्माण होते.

दोन्ही प्रकारांत जीवनसत्त्व ब-१२ चे शोषण घटते, कारण त्यासाठी लागणारा एक घटक जठराच्याच पेशी स्रवतात. भारतीय शाकाहारी लोकांमध्ये हे जीवनसत्त्व मुळातच अनेकदा कमी आढळते, म्हणून शिरपूरसारख्या ठिकाणच्या शाकाहारी रुग्णाने ब-१२, लोह, जीवनसत्त्व ड आणि हिमोग्लोबिन यांची तपासणी शस्त्रक्रियेच्या आधीच करून घेऊन असलेली उणीव भरून काढणे श्रेयस्कर ठरते.

पहिले आठवडे : विश्रांती, हालचाल आणि प्रवास

दुर्बिणीने केलेल्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला साधारणतः दोन-तीन दिवसांत घरी सोडतात, परंतु टाक्यांच्या जागेतून गळती होण्याचा धोका त्यानंतरही काही दिवस राहतो. शिरपूरच्या रुग्णाला या शस्त्रक्रियेसाठी सहसा दूरच्या मोठ्या शहरात जावे लागत असल्याने, सुटी मिळाल्याबरोबर गाव गाठण्याऐवजी शल्यचिकित्सक सांगतील तितके दिवस रुग्णालयाच्या जवळच मुक्काम करणे शहाणपणाचे आहे. समृद्धी महामार्ग वाशीम जिल्ह्यातून जात असल्याने नागपूरचा प्रवास सुखाचा झाला आहे. तरीही पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याची शक्यता या काळात वाढलेली असते, म्हणून प्रवासात दर तासाभराने गाडी थांबवून पाच-दहा मिनिटे चालावे आणि डॉक्टरांनी दिलेले घट्ट मोजे व इंजेक्शने यांत खंड पडू देऊ नये.

चालणे शस्त्रक्रियेच्या दिवसापासूनच सुरू करायचे असते आणि रोज थोडे वाढवत न्यायचे असते. याउलट पोटावर ताण आणणारी कामे, उदाहरणार्थ पाण्याच्या घागरी, धान्याची पोती, फवारणीचा पाठीवरचा पंप किंवा कडेवरचे मूल उचलणे, चार ते सहा आठवडे टाळावीत. सोयाबीनच्या सोंगणीचे किंवा तुरीच्या काढणीचे दिवस डोळ्यांसमोर असतील, तर शस्त्रक्रियेची तारीख त्या हंगामाच्या बरीच आधी किंवा नंतर ठरवलेली बरी, कारण घरात हात कमी पडले की रुग्ण विश्रांती सोडून शेतात उभा राहतो.

आहाराचे टप्पे

आहार पुन्हा सुरू करण्याचा क्रम प्रत्येक रुग्णालयात थोडाफार निराळा असला तरी त्याचा सांगाडा सारखाच असतो, आणि दोन मतांत फरक आढळल्यास आपल्या शल्यचिकित्सकाने दिलेला तक्ताच प्रमाण मानावा. पहिले एक-दोन दिवस केवळ पातळ, गाळीव पदार्थ दिले जातात : कोमट पाणी, वरणाचे निवळ पाणी, साखर न घातलेले नारळपाणी. त्यानंतर सुमारे दोन आठवडे दूध, पातळ ताक, गाळलेले मुगाचे कढण आणि प्रथिनांची भुकटी मिसळलेले दूध असा द्रव आहार चालतो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात घोटलेले पदार्थ येतात : मिक्सरमधून काढलेले मुगाचे वरण, फेटलेले दही, दुधी किंवा दोडक्याची घोटलेली भाजी, कुस्करलेले मऊ पनीर. पाचव्या आठवड्यापासून सुमारे आठव्या आठवड्यापर्यंत मऊ पदार्थ द्यावेत, ज्यांत मऊ मूगडाळीची खिचडी, सैल पिठले, भिजवून शिजवलेला सोयाचुरा आणि ज्यांच्या घरी चालते त्यांच्यासाठी उकडलेले अंडे यांचा समावेश होतो. घट्ट अन्न साधारणतः दोन महिन्यांनंतर, एकेक पदार्थ चाखून पाहत, सुरू करावे.

भाकरी व पोळी यांच्या बाबतीत घाई हमखास नडते. ताज्या पोळीचा लवचीक घास नीट चावला गेला नाही तर जठराच्या अरुंद भागात अडकतो, छातीत दाटल्यासारखे होते, तोंडाला लाळ सुटते आणि शेवटी उलटी होते. विदर्भात पंगतीला वाढले जाणारे रोडगे, म्हणजे गोवरीच्या विस्तवावर भाजलेले कणकेचे घट्ट गोळे, या दृष्टीने सर्वांत अवघड पदार्थ ठरतात. पहिल्या सहा महिन्यांत ते टाळावेत. ज्वारीची भाकरी त्या मानाने लवकर झेपते, मात्र ती वरणात कुस्करून, मऊ करून आणि दोन-चार घासांपुरतीच घ्यावी.

जेवण्याची पद्धत नव्याने शिकावी लागते. चहाच्या चमच्याएवढा घास, प्रत्येक घास वीस-पंचवीस वेळा चावणे, दोन घासांमध्ये चमचा खाली ठेवणे आणि संपूर्ण जेवणास वीस ते तीस मिनिटे देणे, ही शिस्त पहिल्याच दिवसापासून अंगी बाणवली पाहिजे. पोट भरल्याची खूण पूर्वीसारखी पोटात जाणवत नाही. छातीच्या हाडाखाली हलका दाब, उचकी किंवा नाकातून पाणी येणे अशा रूपात ती प्रकट होते, आणि ती दिसताच पुढचा घास टाळायचा असतो. आपल्याकडे पानात टाकणे गैर मानले जाते, त्यामुळे रुग्ण उरलेले दोन घास बळेच संपवतो. त्यावर सोपा उपाय असा की रुग्णाला ताटाऐवजी लहान वाटीत वाढावे आणि हवे असल्यास पुन्हा वाढावे.

प्रथिने आधी, भात-भाकरी नंतर

प्रथिने म्हणजे स्नायू, जखमा भरणाऱ्या पेशी आणि केस यांची बांधणी करणारे अन्नघटक. शस्त्रक्रियेनंतर दिवसाला किमान ६० ग्रॅम, आणि अनेकांना ८० ग्रॅमपर्यंत, प्रथिने मिळणे आवश्यक मानले जाते. वजन झपाट्याने उतरत असताना प्रथिने कमी पडली तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात आणि तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात होणारी केसगळती अधिक जाणवते. आपल्या नेहमीच्या थाळीत भात-भाकरी मुख्य आणि वरण-भाजी तोंडीलावणे असते. शस्त्रक्रियेनंतर हा क्रम उलटा करावा लागतो. आधी डाळ, पनीर किंवा सोया, मग भाजी, आणि जागा उरली तरच दोन घास भात वा भाकरी.

शाकाहारी घरात ६० ग्रॅमची बेरीज कशी जमते हे आकड्यांत पाहणे उपयुक्त आहे. साय काढलेल्या २०० मिलिलीटर दुधातून सुमारे ६ ते ७ ग्रॅम, ३० ग्रॅम कोरड्या मूगडाळीच्या वरणातून सुमारे ७ ग्रॅम, ५० ग्रॅम पनीरमधून सुमारे ९ ग्रॅम आणि २० ग्रॅम कोरड्या सोयाचुऱ्यातून सुमारे १० ग्रॅम प्रथिने मिळतात. दूध दिवसातून दोनदा घेतले तरी ही बेरीज चाळिशीपर्यंतच पोहोचते, म्हणून निदान पहिले काही महिने सुमारे २० ग्रॅम प्रथिने देणारी भुकटी त्यात मिळवावी लागते. वाशीम जिल्ह्यात शेतोशेती सोयाबीन पिकते, पण ते बहुतांशी बाजार समितीतून तेल गिरण्यांकडे जाते आणि घरच्या ताटात क्वचितच दिसते. सोयाचुरा शिजवून, पिळून, बारीक वाटून पिठल्यात किंवा भाजीत मिसळला तर प्रथिनांचा हा स्वस्त स्रोत घरोघरी वापरात येऊ शकतो.

जैन घरांतील काही नियमांचा येथे स्वतंत्र विचार हवा. कंदमुळे वर्ज्य असल्याने फारसे नुकसान होत नाही, कारण बटाटा व रताळे हे मुख्यतः पिष्टमय पदार्थ आहेत. मोड आलेली कडधान्ये अनेक घरांत चालत नाहीत. त्यांच्या जागी साध्या डाळी पूर्णपणे पुरेशा ठरतात आणि त्या पचायलाही हलक्या असतात. द्विदलाच्या नियमानुसार, म्हणजे डाळी-कडधान्यांबरोबर न तापवलेले दूध, दही किंवा ताक न घेण्याच्या नियमानुसार, वरण आणि दही एकत्र येऊ शकत नाहीत. परंतु शस्त्रक्रियेनंतर दिवसातून पाच-सहा वेळा थोडेथोडे खायचे असल्याने डाळ दुपारी व दही सकाळी अशी विभागणी आपोआपच साधते. चातुर्मासात पालेभाज्या सोडणाऱ्यांनी दुधी, दोडके, पडवळ यांवर भर द्यावा.

पाणी : जेवणापासून दूर, दिवसभर घोटघोट

जेवताना पाणी प्यायल्यास लहान जठर पाण्याने भरते आणि अन्नही लवकर पुढे सरकते, म्हणून जेवणानंतर किमान अर्धा तास पाणी घेऊ नये, हा सर्वमान्य नियम आहे. दिवसभरात मात्र दीड ते दोन लिटर द्रव पोटात जायला हवा. या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला पुन्हा रुग्णालयात दाखल व्हावे लागण्याच्या नेहमीच्या कारणांत शरीरातील पाणी कमी होणे हे एक प्रमुख कारण आहे, आणि वऱ्हाडातला उन्हाळा लक्षात घेता त्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही.

चौविहार पाळणाऱ्यांची, म्हणजे सूर्यास्तानंतर अन्नपाणी सर्वच वर्ज्य करणाऱ्यांची, येथे खरी कसोटी लागते. सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी नवकारशी पाळून पाणी घेतले आणि सूर्यास्ताला थांबवले, तर डिसेंबरमध्ये हाती सुमारे दहाच तास उरतात. त्यातून जेवणापाठोपाठचे अर्धे तास वगळले तर दीड लिटरसाठी दर तासाला जवळपास २०० मिलिलीटर पाणी घोटघोट संपवावे लागते, आणि पहिल्या काही आठवड्यांत हे बहुतेकांना जमत नाही. अशा वेळी रात्री केवळ पाण्याची मुभा ठेवणारा तिविहार हा परंपरेतच असलेला मार्ग निवडता येतो. जेवणानंतर थाळी धुऊन ते पाणी पिण्याची प्रथा असलेल्यांनी वाटी-चमचा इतकाच पसारा ठेवून एक-दोन चमचे पाण्यात ती उरकावी, पेलाभर पाणी घेऊ नये.

व्रते आणि उपास

जैन परंपरेतील बाह्य तपांमध्ये ऊनोदरी, म्हणजे भुकेपेक्षा कमी खाणे, हे एक तप मानले आहे, आणि शस्त्रक्रियेनंतरच्या आहाराशी ते उत्तम जुळते. बाकीच्या तपांची गोष्ट वेगळी आहे. एकासणे, म्हणजे दिवसातून एकदाच एका बैठकीत जेवण, केल्यास वाटीभर जागेच्या जठरातून दिवसाची प्रथिने मिळणे अशक्य आहे. दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर वर्ज्य करणाऱ्या आयंबिलात डाळी चालत असल्या तरी एकच जेवण आणि कोरडे अन्न या दोन्ही अडचणी राहतात. पर्युषणातील अठ्ठाई, म्हणजे आठ दिवसांचा उपास, तर सरळ धोकादायक आहे, कारण शरीरातील थायमिन, म्हणजे जीवनसत्त्व ब-१, याचा साठा जेमतेम दोन-तीन आठवडे पुरतो आणि शस्त्रक्रियेनंतर तो आधीच रोडावलेला असतो. त्याची तीव्र उणीव झाल्यास डोळ्यांची हालचाल बिघडणे, तोल जाणे आणि संभ्रम अशी मेंदूला कायमची इजा करू शकणारी लक्षणे दिसतात. शस्त्रक्रिया झालेल्या व्यक्तीने निदान पहिले वर्ष ही व्रते करू नयेत आणि पुढेही डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत. प्रत्याख्यानात प्रकृतीच्या कारणासाठी आगार, म्हणजे सूट, ठेवलेलीच असते; घरातील वडीलधाऱ्यांनी व गुरुमहाराजांनी रुग्णाला ती आठवण करून दिली तर त्याच्या मनावरचे दडपण बरेच हलके होते.

एकादशी, संकष्टी किंवा महाशिवरात्रीचा उपास धरणाऱ्यांच्या बाबतीत मुख्य अडचण साबुदाण्याची आहे. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट असून त्यात प्रथिने नसल्यातच जमा असतात, आणि त्याचा चिकट गोळा जठरात अडकतोही. त्याऐवजी दूध, दही, पनीर, मऊ भगर आणि दाण्याच्या कुटाची पातळ आमटी घ्यावी. रमजानच्या रोजांमध्ये दिवसभर पाणीही वर्ज्य असल्याने गावातील मुस्लिम रुग्णांनीही आधी डॉक्टरांचा सल्ला घेऊनच निर्णय करावा.

गोड पदार्थ, चहा आणि औषधे

गॅस्ट्रिक बायपासनंतर उसाचा रस, जिलेबी, पुरणपोळी किंवा गोड सरबत घेतल्यास साखर वेगाने आतड्यात उतरते आणि दहा ते तीस मिनिटांत पोटात मुरडा, घाम, धडधड व जुलाब सुरू होतात; याला डम्पिंग असे म्हणतात. एक ते तीन तासांनी येणाऱ्या दुसऱ्या प्रकारात रक्तातील साखर एकदम घसरून चक्कर येते. स्लीव्हच्या रुग्णांना हा त्रास कमी होतो, म्हणून त्यांच्या बाबतीत गोडाचा मोह अधिक घातक ठरतो, कारण गोड द्रव लहान जठरातून सहज निसटतात आणि वजन पुन्हा वाढवतात.

पूरक गोळ्या आयुष्यभर घ्यायच्या असतात. बहुजीवनसत्त्वांची गोळी, ब-१२ ची रोजची गोळी किंवा नियमित इंजेक्शन, जीवनसत्त्व ड, लोह, आणि दिवसाला १२०० ते १५०० मिलिग्रॅम कॅल्शियम सायट्रेटच्या रूपात, एका वेळी ५०० ते ६०० मिलिग्रॅमहून अधिक नाही, असा साधारण क्रम असतो. लोह आणि कॅल्शियम यांत दोन तासांचे अंतर हवे, आणि लोहाच्या आगेमागे चहा घेऊ नये. कॅप्सूलचे आवरण पुष्कळदा प्राणिज जिलेटिनचे आणि जीवनसत्त्व ड-३ बहुधा मेंढीच्या लोकरीतील स्निग्धांशापासून बनवलेले असते, त्यामुळे ज्यांना ते चालत नाही त्यांनी गोळी सोडून देण्याऐवजी औषध दुकानदाराकडे शाकाहारी आवरणाचा किंवा वनस्पतिजन्य पर्याय मागावा. ब-१२ जीवाणूंच्या साहाय्याने तयार केले जाते, त्यामुळे बहुतेक शाकाहारी ते घेतात. सूर्यास्तापूर्वी सर्व मात्रा बसतील असे वेळापत्रक डॉक्टरांकडूनच लिहून घ्यावे.

मधुमेह किंवा रक्तदाबाची पूर्वीची औषधे तशीच चालू ठेवणे अपायकारक ठरू शकते, कारण शस्त्रक्रियेनंतर रक्तातील साखर झपाट्याने उतरते; मात्रा डॉक्टरांनी बदलायची असते. सांधेदुखीसाठी दुकानातून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्यांनी, विशेषतः बायपासनंतर, जोडाच्या जागी व्रण होतो. तंबाखू व विडी यांचाही हाच परिणाम आहे, आणि दारू पूर्वीपेक्षा लवकर व अधिक चढते. स्त्रियांनी पहिले १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळावी.

त्वरित रुग्णालय गाठण्याची लक्षणे

नाडीचा वेग सतत मिनिटाला १२० च्या वर राहणे, ताप, पोटात किंवा डाव्या खांद्यात वाढती वेदना, धाप लागणे, पोटरी सुजून दुखणे, काळे शौच, आणि चोवीस तासांत पाणीही न ठरणारी उलटी, यांपैकी एकही लक्षण आढळल्यास सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. शस्त्रक्रियेचा कागद, तिचा प्रकार व शल्यचिकित्सकाचा क्रमांक सोबत असावा, कारण ज्या डॉक्टरांकडे रुग्ण प्रथम पोहोचेल त्यांना आत नेमकी काय जोडणी झाली आहे हे कळणे निर्णायक ठरते. सतत उलट्या होत असलेल्या रुग्णाला केवळ ग्लुकोजचे सलाइन लावण्याआधी थायमिन देणे गरजेचे असते, ही माहितीही नातेवाइकांना असावी.

पहिल्या वर्षानंतर

वजन उतरण्याचा वेग साधारणतः बारा ते अठरा महिन्यांत मंदावतो, भूक काही प्रमाणात परतते आणि जठरही थोडे सैल होते. याच काळात चिवडा, शेव, बिस्किटे असे सतत चरणे सुरू झाले तर उतरलेले वजन हळूहळू परत येते. तिसऱ्या, सहाव्या व बाराव्या महिन्यात आणि पुढे दरवर्षी रक्ततपासणी, रोजचे चालणे, स्नायूंचा व्यायाम आणि आठवड्यातून एकदाच वजन पाहणे, ही शिस्त कायमची आहे.

पंगतीत या रुग्णाच्या वाटीत एक डाव वरण व पनीरचे चार तुकडे पडले की त्याचे जेवण झाले, हे यजमानांनी समजून घ्यावे. शस्त्रक्रिया झालेल्या पाहुण्याला दुसऱ्यांदा आग्रह न करणे हाच त्याचा खरा पाहुणचार होय.